चरित्रकोशाच्या कपाटापाशी नेहमी विचारले जाणारे प्रश्न

आमचं वाचनालय बेळगावहून खानापूरला जाणाऱ्या रस्त्यावर आहे. खाली दैनिकं, वर संदर्भ विभाग, आणि जिना चढलं की डाव्या हाताला चरित्रकोशांचं लोखंडी कपाट. शनिवार-रविवारी त्या कपाटाशेजारच्या टेबलाशी मी बसतो. तेच तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. वर येण्याआधी वाचलीत तर तुमचा निम्मा वेळ वाचेल. माझा जरा जास्तच.

चरित्रकोश म्हणजे थोरांच्या गोष्टींचं पुस्तकच की?

नाही. गोष्ट हवी असेल तर खालच्या मजल्यावर चरित्रांची मांडणी आहे, तिथं एकेका माणसावर तीनतीनशे पानं मिळतात. कोशात त्याच माणसाला दहा ओळी मिळतात, फार मोठा असला तर तीन-चार पानं. जन्म कधी, कुठं, घराणं कुठलं, काय केलं, काय लिहिलं, कधी गेला. आईनं रात्री काय गोष्ट सांगितली, हे त्यात नसतं. म्हणूनच निबंधासाठी आलेली पोरं पहिल्यांदा हिरमुसतात. पण एखादी तारीख, एखादं गाव, एखादं नातं पक्कं करायचं असेल तर याच कपाटाकडं यावं लागतं. कोश वाचायचा नसतो, बघायचा असतो, असं म्हणतात. मी मात्र गिऱ्हाईक नसलं की वाचत बसतो.

तुमच्याकडं नेमके कुठले कोश आहेत?

मराठीतला मुख्य म्हणजे सिद्धेश्वरशास्त्री चित्रावांचा, तीन खंडांचा. प्राचीन चरित्रकोश 1932चा, मध्ययुगीन 1937चा आणि अर्वाचीन 1946चा. तिन्ही पुण्याचे. वेद-पुराणांतल्या ऋषींपासून सुरुवात होते आणि स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर थांबते. मध्ययुगीन आणि अर्वाचीन यांच्यामधली रेघ 1818ला पडते, म्हणजे पेशवाई बुडाली तिथं. हे ध्यानात ठेवा, कारण 1818च्या दोन्ही बाजूंना जगलेला माणूस कुठल्या खंडात घातला असेल हे सांगता येत नाही. दोन्ही खंड काढायचे.

दुसरा इंग्रजीतला. कोलकात्याच्या इन्स्टिट्यूट ऑफ हिस्टॉरिकल स्टडीजनं काढलेला डिक्शनरी ऑफ नॅशनल बायोग्राफी, संपादक एस. पी. सेन. 1972 ते 1974 या काळात चार खंड निघाले. अख्ख्या देशातली माणसं एका वर्णक्रमात बसवण्याचा आपल्याकडचा तो मोठा प्रयत्न. आपल्या भागातल्या माणसांसाठी मला तो विशेष वाटतो, कारण त्याला मराठी-कानडी असा कप्पा नाही.

शिवाय मराठी विश्वकोश आहे. तो काही चरित्रकोश नव्हे, पण त्यात चरित्रनोंदी भरपूर आहेत.

चित्रावांच्या आधी मराठीत असं काही नव्हतं काय?

होतं की. रघुनाथ भास्कर गोडबोल्यांचा भारतवर्षीय प्राचीन ऐतिहासिक कोश 1876चा आहे. नंतर केतकरांचा ज्ञानकोश झाला, तेवीस खंडांचा, त्यातही माणसं आहेत. या दोन्हींच्या प्रती आमच्याकडं नाहीत. शहरातलं सार्वजनिक वाचनालय 1848चं आहे. जुनं काही हवं असलं तर मी आधी तिकडं विचारून बघायला सांगतो.

आणि परदेशात?

इंग्रजांनी 1885 ते 1900 या पंधरा वर्षांत त्रेसष्ट खंड छापले. पहिला संपादक लेस्ली स्टीफन, म्हणजे कादंबरीकार व्हर्जिनिया वुल्फचे वडील. 2004 साली तोच ग्रंथ नव्यानं लिहून साठ खंडांत काढला. जर्मनांचा तर छप्पन्न खंडांचा, 1875 ते 1912. आमच्याकडं यातलं काही नाही, आणि ठेवायला कपाटही नाही.

नाव सापडत नाही. कुठल्या अक्षरात बघायचं?

सगळ्यांत जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न हाच. आणि नाव सापडलं नाही म्हणून परत गेलेल्या माणसांपैकी निम्म्यांचं नाव कोशात असतं, असा माझा अनुभव आहे.

साधा नियम असा: अलीकडचा माणूस आडनावाखाली, संत, राजे आणि पुराणातली माणसं त्यांच्या नावाखाली. टिळक ट मध्ये, ज्ञानेश्वर ज्ञ मध्ये. पण ज्ञ कुठं? काही कोशांत ज च्या जोडाक्षरांत, काहींत सगळ्यांत शेवटी. क्ष चंही तसंच. एका निवृत्त मास्तरांनी अर्धा तास ज चाळला आणि ज्ञ मागं निघाला, तेव्हा ते माझ्यावर रागावले. मी काय करणार?

टोपणनावांची भानगड वेगळी. आपल्या जिल्ह्यातलंच उदाहरण घ्या. कुमार गंधर्व 1924 साली सुळेभावीला जन्मले. घरचं नाव शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकली. आता नोंद कुठं शोधणार? कुमार म्हणून क मध्ये, कोमकली म्हणूनही क मध्ये, आणि संपादकानं गंधर्व हेच आडनाव धरलं असेल तर ग मध्ये. त्या ग मध्ये गर्दी आहे. बालगंधर्व आहेत, म्हणजे नारायण श्रीपाद राजहंस, ते र मध्येही असू शकतात. सवाई गंधर्व आहेत, म्हणजे कुंदगोळचे रामभाऊ कुंदगोळकर, ते परत क मध्ये. तिन्ही गंधर्वांची घरची नावं कागदावर लिहून मगच खंड उघडा.

कानडी नावांचं काय? कित्तूरची राणी तीन ठिकाणी शोधली, मिळाली नाही.

चौथ्या ठिकाणी बघा. चन्नम्मा म्हणून च मध्ये, कित्तूर म्हणून क मध्ये, राणी म्हणून र मध्ये, आणि घराणं देसायांचं म्हणून द मध्ये. यातला राणी हा प्रकार संपादक सहसा करत नाहीत, पण केलेला मी पाहिलाय.

यात आणखी एक गोम आहे, ती कानडी घरात वाढलेल्यांना लगेच कळते. कानडीत एकार दोन असतात, एक आखूड आणि एक लांब. ओकारही दोन. मराठीत आखूड एकाराला चिन्हच नाही. राणीच्या नावातला चे आखूड आहे. मराठी कानाला तो कधी च ऐकू येतो, कधी चे. म्हणून कुणी चन्नम्मा लिहितं, कुणी चेन्नम्मा. आणि कोशात च आणि चे यांच्यामध्ये चांगली पंधरा-वीस पानं असतात. शेवटचा स्वरही तसाच: कानडीत चेन्नम्म, आपण आकार लावून टाकतो. रायण्ण आणि रायण्णा, बसव आणि बसवा, सगळीकडं हेच.

दुसरं म्हणजे कानडी नावात पुढं जे असतं ते पुष्कळदा गाव असतं. कित्तूरच्या बाजूनं इंग्रजांशी लढलेल्या संगोळ्ळी रायण्णाच्या नावातलं संगोळ्ळी हे बैलहोंगलकडचं गाव, आडनाव नव्हे. कानडी कवी कुवेंपु म्हणजे कुप्पळ्ळी वेंकटप्पा पुट्टप्पा, यात कुप्पळ्ळी गाव, वेंकटप्पा वडील आणि पुट्टप्पा ते स्वतः. मराठी संपादकाला शेवटचा शब्द आडनाव वाटतो, तो प मध्ये टाकतो. इथं योगायोगानं बरोबर बसतं. पण दरवेळी बसेलच असं नाही. राणीला इंग्रजी कोशात बघताना तर स्पेलिंगप्रमाणं आधी सी, मग के, मग आर.

मागच्या वर्षी कानडी माध्यमात शिकणारी एक मुलगी रायण्णावर भाषण करायचं म्हणून आली. घरी मराठी, शाळेत कानडी, त्यामुळं तिला दोन्ही उच्चार तोंडपाठ. तिनं पाच मिनिटांत नोंद काढली. मला तोवर दहा लागत होती.

नोंदीत जन्मगाव बेळगाव आणि राज्य मुंबई लिहिलंय. चूक आहे ना?

चूक नाही. कोश 1946चा आहे, आणि 1946ला बेळगाव मुंबई प्रांतातच होतं.

हा हिशेब एकदा नीट लावून घ्या, पुन्हा पुन्हा लागतो. आधी मुंबई इलाखा, स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्य. 1 नोव्हेंबर 1956ला राज्यांची फेररचना झाली आणि जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. 1 नोव्हेंबर 1973ला म्हैसूर राज्याचं नाव कर्नाटक झालं. 1 नोव्हेंबर 2014ला सरकारी कागदावर बेळगावचं बेळगावी झालं. एकच घर, एकच अंगण, आणि त्या घरातल्या आजोबा, वडील, नातू यांच्या नोंदींत तीन राज्यं. 1967ची नोंद म्हैसूर म्हणाली तर म्हैसूर शहर समजू नका. असं एकानं समजून निबंधात लिहिलं होतं, आणि परीक्षकांनाही ते कळलं नाही.

उलटंही होतं. चंदगड तालुका 1956पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होता. फेररचनेत तेवढा तालुका मागं राहिला आणि आज तो कोल्हापूर जिल्ह्यात आहे. म्हणजे चंदगडकडच्या माणसाच्या जुन्या नोंदीत जि. बेळगाव आणि नव्या नोंदीत जि. कोल्हापूर असेल, तर दोन्ही आपापल्या जागी बरोबर. माणूस हलला नाही, रेघ हलली.

शाळेच्या कामासाठी लिहिताना मी सांगतो ते असं: जन्माच्या वेळचं राज्य लिहा, कंसात आजचा जिल्हा. वादाचं कारण उरत नाही.

गंगाधरराव देशपांडे कुणाचे? महाराष्ट्राचे की कर्नाटकाचे?

हा प्रश्न बहुतेक वेळा माहितीसाठी नसतो, आवाजावरून कळतं. तरी उत्तर देतो.

गंगाधरराव 1871चे, हुदलीचे. टिळकांचे अनुयायी, पुढं गांधींचे. टिळकांची होमरूल लीग एप्रिल 1916मध्ये बेळगावातच स्थापन झाली. डिसेंबर 1924ला इथं काँग्रेसचं अधिवेशन भरलं, गांधीजी ज्याचे अध्यक्ष झाले असं ते एकमेव, आणि ते उभं करणारा माणूस गंगाधरराव. टिळकवाडीतली काँग्रेस विहीर त्या अधिवेशनासाठी खणलेली. हुदलीत त्यांनी खादीचं काम उभं केलं. लोकांनी त्यांना कर्नाटक सिंह म्हटलं, आणि त्या सिंहानं आत्मकथा लिहिली ती मराठीत. 1960ला वारले.

आता कर्नाटकाच्या थोरांची यादी करणारा त्यांना घेणारच, आणि मराठी कोशकारही घेणारच. गडबड होते ती एका भाषेपुरत्या किंवा एका राज्यापुरत्या याद्यांत. हे करणारा म्हणतो ते त्यांच्याकडं असतील, ते करणारा म्हणतो ते यांच्याकडं असतील, आणि माणूस मधल्या मधे गळतो. गंगाधरराव गळत नाहीत, ते फार मोठे. पण त्यांच्या हाताखाली सूत कातणारे, तुरुंगात गेलेले, मराठी-कानडी दोन्ही बोलणारे जे होते, त्यांचं असं झालेलं मी या टेबलावर बसून पाहिलंय. म्हणून सांगतो, आपल्या भागातला माणूस शोधताना एकाच बाजूचा कोश बघून नाही म्हणू नका. मराठी बघा, इंग्रजी बघा, आणि कानडी वाचणारं घरात कुणी असेल तर त्यांना म्हैसूर विद्यापीठाचा कन्नड विश्वकोश बघायला सांगा.

कवी द. रा. बेंद्र्यांचंही असंच. घरची भाषा मराठी, कविता कानडीत, 1973चं ज्ञानपीठ. धारवाडात बेंद्रे कुणाचे असं विचारून बघा, लोक हसतील.

शके, सुहूर, फसली असलं लिहिलंय. इसवी सन कसा काढायचा?

शके असेल तर 78 मिळवा. पण शकाचं वर्ष पाडव्याला सुरू होतं, त्यामुळं जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंतची तिथी असेल तर 79. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके 1596. ज्येष्ठ म्हणजे मे-जून, 78 मिळवले की 1674. बरोबर. उलट जन्माची फाल्गुन वद्य तृतीया, शके 1551. फाल्गुन आहे, म्हणून 79, म्हणजे 1630.

महिन्यांचा घोळ मात्र आपल्याकडं नाही. मराठी आणि कानडी दोन्ही पंचांगांत महिना अमावास्येला संपतो. उत्तरेकडचा कागद असेल तर सांभाळा, तिकडं पौर्णिमेला संपतो आणि वद्य पक्षाला महिन्याचं नाव बदलतं.

सुहूर सन पेशव्यांच्या कागदांत येतो. त्यात 599 किंवा 600 मिळवायचे. शेतकऱ्याला हे सांगावं लागत नाही, कारण ते वर्ष मृग निघाला की सुरू होतं. मृगापासून डिसेंबरपर्यंत 599, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत 600. फसली हा महसुली सन, त्यासाठी वर या. ते तोंडानं सांगणं सोपं आहे.

दोन कोशांत दोन जन्मतारखा आहेत. खरी कुठली?

आधी वरचा 78-79चा हिशेब करून बघा, एक वर्षाचा फरक पुष्कळदा तिथंच मिटतो. नाही मिटला तर कोश कधी छापला ते बघा. शिवजन्माचंच घ्या: वैशाख शुद्ध द्वितीया, शके 1549, म्हणजे 1627, ही एक जुनी तिथी, आणि फाल्गुन वद्य तृतीया, शके 1551, म्हणजे 19 फेब्रुवारी 1630, ही दुसरी, जी आज महाराष्ट्र सरकार धरतं. जुन्या पुस्तकात पहिली दिसली म्हणून ते फेकू नका. त्यावेळी काय मानत होते ते त्यातून कळतं. तुमच्या लिखाणात कुठल्या कोशावरून घेतलं एवढं लिहा.

बायकांची नावं एवढी कमी का?

कारण कोशकारांनी लढाया, ग्रंथ, पदं आणि परिषदा मोजल्या, आणि त्या जागी बायका येऊ दिल्या नव्हत्या. ज्या आहेत त्यांना शोधताना माहेरचं नाव हाताशी ठेवा. इंदिरा संत, 1914 ते 2000, बेळगाव म्हटलं की पहिल्यांदा आठवणाऱ्या कवयित्री. माहेरच्या दीक्षित. लग्नाआधीचं काही शोधायचं असेल तर संत बघून उपयोग नाही. विवाहानंतर नावही बदललेलं असलं की दोन माणसं समजून दोन नोंदी झाल्याचंही सापडतं.

हयात माणसांच्या नोंदी असतात काय?

कोशागणिक वेगळं. इंग्रजांच्या त्या मोठ्या ग्रंथात माणूस गेल्याशिवाय नोंद होत नाही. आपल्याकडं ते तेवढं कडक नव्हतं. लक्षात ठेवायचं ते एवढंच की छापल्याच्या सालानंतरचं काही त्यात नाही. अर्वाचीन खंडात एखाद्याचा मृत्यू दिलेला नसेल तर तो अमर नाही, 1946ला जिवंत होता.

आता सगळं मोबाईलवर मिळतंय की. कपाट कशाला?

मिळतंय, मान्य. मराठी विश्वकोश फुकट वाचता येतो, जुन्या कोशांच्या स्कॅन केलेल्या प्रतीही हिंडतात. मी स्वतः बघतो. पण स्कॅनमध्ये शोधायला गेलात तर यंत्र चन्नम्मा आणि चेन्नम्मा वेगळे धरतं, आणि ळ चा ल झाला की संगोळ्ळी गायब. पानं उलटताना डोळा शेजारच्या नोंदीवर पडतो, तसा पडद्यावर पडत नाही. हवं ते न सापडता भलतंच सापडणं हा या कपाटाचा मोठा फायदा आहे.

खंड घरी न्यायला मिळतात काय?

नाही.

एका रात्रीपुरता?

नाही. एकदा दिला होता. परत आला तेव्हा त्यात हळदीचा डाग आणि लग्नपत्रिका होती.

झेरॉक्स?

जुन्या खंडांची नाही. काचेवर उलटा दाबला की शिवण सुटते, कागदही ठिसूळ झालाय. मोबाईलनं फोटो काढा, फ्लॅश बंद ठेवून. नोंदीबरोबर पुस्तकाचं पहिलं पान आणि पानाचा आकडा यांचाही फोटो घ्या, नाहीतर घरी गेल्यावर कुठल्या खंडातलं ते आठवत नाही आणि पुन्हा बस धरावी लागते.

आमच्या आज्जाचं नाव कुठल्याच कोशात नाही. ते सत्याग्रहात होते.

नसेल. देशभराचा कोश करताना एका तालुक्यातून एखाददुसरा माणूस बसतो. नाव नाही म्हणून आज्जा सत्याग्रहात नव्हते असं कुणी म्हणालं, तर माझ्याकडं पाठवा.

अशांसाठी आम्ही वरच एक नोंदवही ठेवलीय. लांब, कापडी बांधणीची, दुकानात जमाखर्चाला वापरतात तसली. आसपासच्या गावांतली, कोशात नसलेली माणसं त्यात लिहितो.

त्या वहीत नाव घालायला काय लागतं?

दोन पुरावे. एक कागद असावा: शाळेचा दाखला, सातबारा किंवा उतारा, तुरुंगाचं प्रमाणपत्र, वर्तमानपत्राचं कात्रण, काहीही. कानडीत असला तरी चालतो, वाचणारे आहेत. दुसरा पुरावा घराबाहेरच्या माणसाचा, ज्यानं त्यांना पाहिलंय. नातवानं सांगितलेलं आम्ही लिहितो, पण नातू सांगतो असं म्हणून.

तारीख शके असेल तर तशीच द्या, बदलून आणू नका, मी बदलतो आणि दोन्ही लिहितो. नाव मराठीत आणि कानडीत, जसं घरात म्हणत होते तसं. पानाच्या वरच्या अर्ध्यातच लिहायचं. खालचा अर्धा मोकळा ठेवतो, कारण वर्ष-सहा महिन्यांत दुसऱ्या गावाहून कुणीतरी येतं आणि म्हणतं, हे चुकलंय, ते आमच्याकडं दत्तक आले होते.